आठ बुधवार

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो कवळ्या बनवायचा. वय सेहेचाळीस. ताईने आणलेली सगळी स्थळं फिसकटली होती. "तुझ्यासाठीच बनलेली कुणी आभाळातून पडणार आहे का रे?" ती वैतागून म्हणायची. पडणार नाही, हे त्यालाही कळत होतं. म्हणूनच डॉक्टरांनी घरी जाऊन घेतलेलं वडिलांच्या जबड्याचं माप द्यायला आलेली ती बाई त्याच्या बोलण्यावर खळखळून हसली, तेव्हा तो हादरला. आता ही नाही, तर कुणीच नाही.

वडिलांना दवाखान्याचा जिना चढवत नसे, त्यामुळे कवळी न्यायला तीच यायची. कवळी आठवड्यातच तयार झाली. पण एकदा दिली की ती परत कशाला येणार? "थोडी घासायची राहिलीय, पुढच्या बुधवारी या," तो म्हणाला. असे सात बुधवार गेले. गप्पा रंगायच्या, पण मनातलं काही ओठांवर यायचं नाही.

आठव्या बुधवारी ती आल्या आल्या म्हणाली, "बाबा दोन महिने नुसतं पातळ पितायत हो. पार वाळलेत. काहीतरी करा."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कपाटातून डबी काढली. "पहिल्याच आठवड्यात झाली होती. तुम्ही यावं म्हणून…"

तिने डबी उघडून आतली कवळी पाहिली. "विचारलं असतंत, तर हो म्हटलं असतं मी," एवढंच बोलून ती डबी घेऊन निघाली.

तो तिच्यामागे जिना उतरून धावला, भर रस्त्यात "एकदा ऐका तरी!" म्हणून ओरडला. ती थांबली नाही.