आवणीतला अंगठा

भाताची आवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली, बायका चिखलात वाकलेल्या दिसल्या, की ते प्रकरण अजून डोळ्यांसमोर उभं राहतं आणि खरं सांगायचं तर अजूनही राग येतो. मी तेव्हा शहापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. नावं कुणाचीच घेणार नाही. माणसं त्याच गावांत राहतात आणि बाजारात समोरासमोर येतात.

सकाळची हजेरी आटोपून मी डाक बघत होतो. शेणवे गावाकडची एक तिशीतली बाई आत आली. "जय भीम साहेब," म्हणाली आणि खुर्ची दाखवली तरी उभीच राहिली. अंगणवाडी सेविका म्हणून तिची निवड झाली होती. लग्न होऊन दोन पोरं झाल्यावर तिने बारावी पास केली होती. रुजू होण्यासाठी आमच्याकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागत होता. तो आठवडाभरात दिला नाही, तर यादीतल्या पुढच्या बाईला ती जागा मिळणार होती.

दाखल्याचं काम बघणाऱ्या हवालदाराने नाव तपासलं आणि तोंड वाकडं करून माझ्याकडे आला. आदल्याच दिवशी परराज्यातल्या सायबर पोलिसांची तिच्या नावाची नोटीस आमच्याकडे आली होती. एका म्हाताऱ्याचं क्रेडिट कार्ड चोरीला गेलं होतं आणि त्यातले पैसे हिच्या किराणा दुकानाच्या खात्यात जमा झाले होते. चौकशीला हजर राहा, नाहीतर अटक होईल, असा मजकूर होता. असं काही नावावर असताना स्वच्छ दाखला देता येत नाही.

"माझं दुकान?" ती म्हणाली. "साहेब, माझ्याकडं चार कोंबड्या हायेत. दुकान कुठलं आलं?"

माझा एक अनुभव आहे. खोटं बोलणारा आधी शपथा घेतो, मग पोराबाळांची नावं घेतो. ही बाई सरळ चिडली. मी तिला बसवलं, चहा मागवला आणि फोन कुणाच्या हातात दिला होता का, ते विचारलं.

"दिलता ना. मुरबाड रस्त्याच्या नाक्यावर तो ऑनलाइनवाला हाय. बोलला, नवीन नियम आलाय, कार्डानं वॉलेटमधी पैसे भरायचं बंद झालंय. फोन अपडेट नाय केला तर हाय ते पैसे अडकतील. आमच्या बचत गटातल्या समद्या बायांनी फोन दिलते. आधारकार्ड बी दिलं. अर्ध्या तासानं फोन परत दिला त्यानं."

"तुमच्याकडे क्रेडिट कार्ड आहे?"

"नाय."

"मग तुम्हाला त्या नियमाचं काय?"

"नियम म्हटल्यावर भ्या वाटतं ना, साहेब."

नियम खरा होता, हीच त्यातली गोम. क्रेडिट कार्डातून मोबाईलच्या वॉलेटमध्ये पैसे भरायचे, तेच बँकेत वळवायचे आणि रोख काढायची, असा धंदा काही लोक करत होते. त्यावर बंधनं आली आणि ही वाट जवळजवळ बंद झाली. पण चोराची वाट बंद झाली की तो भिंत बघत फिरतो, कुठे पोकळ लागते का म्हणून. दुकानाच्या खात्यात कार्डाने पैसे आले तर ती विक्री दिसते. मग दुकानं पाहिजेत, आणि दुकानांना मालक पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. त्या नाक्यावर चहाची टपरी चालवणारा आमच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, "साहेब, त्या ऑनलाइनवाल्याची झेरॉक्स मशीन दिवाळीपासनं बंद हाय. पण गर्दी बघा. कल्याणकडनं गाडीवाले येतात, कार्ड देतात, नोटा घेऊन जातात. झेरॉक्स काढायला कोण गाडी घेऊन येतं?"

आम्ही छापा टाकला. संगणक, फोन आणि अंगठा घ्यायची मशीन पंचनामा करून जप्त केली. दुकानदार इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा होता. मी कुणाला हात लावत नसे, पण एकच प्रश्न दहा वेळा विचारायचा मला कंटाळा नव्हता. त्याचं उत्तर दहाही वेळा तेच. "बाई स्वतः आली, साहेब. म्हणाली दुकान टाकायचंय. पंधरा दिवसांपूर्वी या मशीनवर अंगठा दिला, पहिल्या फटक्यात लागला. अंगठ्याशिवाय मी खातं उघडतच नाही."

खातं अंगठ्यावरही उघडतं आणि फोनवर येणाऱ्या ओटीपीवरही. यातलं काय झालं, हे दुकानांना अशी खाती देणारी पेमेंट कंपनीच सांगू शकत होती. आम्ही पत्र पाठवलं होतं, पण उत्तराला महिना लागेल असं कळलं. तोवर तिची जागा गेलेली असणार. हवालदार म्हणाला, "साहेब, याचं म्हणणं आणि तिचं म्हणणं. लटकलं हे." मी त्याला म्हटलं, लटकायला ही काय दोरीवरची कापडं आहेत? माणसाची भाकरी आहे ती.

तिचा जबाब लिहून झाला आणि सही करताना पेन तिच्या बोटांतून निसटला. मी हाताकडे पाहिलं. कातडी पांढरी पडलेली, फुगलेली, अंगठा दगडाच्या गोट्यासारखा गुळगुळीत.

"हे काय झालं?"

"आवणी नाय का चालू. महिना झाला चिखलात हाय. रोपं खणायची, लावायची. रेशनवाला बी परत पाठवतो, अंगठाच लागत नाय आमचा."

मी उठून उभाच राहिलो. पंधरा दिवसांपूर्वी तर आवणी ऐन भरात होती.

त्याच दुपारी दोन पंच बोलावले. तिच्यासह गटातल्या पाच बायका आल्या, शेतातनं थेट, साड्या खोचलेल्या. महिला हवालदाराने त्यांना दुकानदाराचं म्हणणं सांगितलं आणि साबण दिला. सगळ्यांनी हात धुतले, पुसले आणि एकेकीने त्या दुकानदाराच्याच मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. परत ठेवला, परत लाल. पाचही जणींचा एकदाही लागला नाही. त्याच मशीनवर माझ्या हवालदाराचा मात्र पहिल्या वेळी लागला.

समोर बसवलेला दुकानदार खुर्चीत पुढे सरकला. "नीट घासून धुवा," म्हणाला.

त्यातली एक म्हातारी त्याच्याकडे बघत म्हणाली, "का रं? तुझ्या दुकानात हिचा पयल्या फटक्यात लागलाता ना?"

एवढ्यावर त्याला कोर्टात शिक्षा झाली नसती, मला ठाऊक होतं. पण खोटं एका जागी उसवलं की बाकीची शिवण टिकत नाही. संध्याकाळच्या आत त्याने सगळं सांगितलं. बायकांचे फोन हातात असताना ओटीपी घेऊन खाती उघडली होती. कार्डं आणून देणाऱ्याचा पत्ताही त्यानेच दिला. परराज्यातल्या तपास अधिकाऱ्याशी मी फोनवर बोललो, कागद पाठवले. त्यांनी तिला आरोपीतून वगळून साक्षीदार केल्याचं लेखी कळवलं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी दाखल्यावर सही केली.

तिने तो उभ्याउभ्या पूर्ण वाचला. मला वाटलं, आता आभार मानेल. ती म्हणाली, "साहेब, आणि बाकीच्या बायांचं?"

"त्यांच्या नावाने अजून नोटीस नाही."

"आज नाय. उद्या येईल. त्यांना नोकरी नाय लागणार, दाखला नाय लागणार, म्हणून त्यांचं नाव तसंच मळकं ठेवायचं का?"

मी लगेच कामाला लागलो. गटातल्या प्रत्येक बाईचा जबाब घेतला. प्रत्येक खोट्या दुकानासाठी कंपनीला वेगळं पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही की स्मरणपत्र पाठवलं. हवालदार वैतागला, मी नाही वैतागलो. नियम करणारे चोराची वाट अडवतात, ते बरोबरच आहे. पण ती अडली की चोर ज्याच्या नावाला कुणी विचारत नाही, अशाच माणसाच्या दारात शिरतो. तिथे पोलिसाने आधी पोचायला हवं, नोटिशीची वाट बघत बसू नये. हे मला त्या बाईने शिकवलं.

शेवटच्या नावाचं खोटं खातं बंद केल्याचं उत्तर आलं तेव्हा भात झोडून झालं होतं. मी स्वतः कागद घेऊन अंगणवाडीत गेलो. ती पोरांना खिचडी वाढत होती. कागद वाचला, घडी घालून पदराला बांधला आणि उजव्या हाताचा अंगठा माझ्यासमोर धरला. त्यावर रेषा पुन्हा उमटल्या होत्या.

"आता लागतो, साहेब," ती म्हणाली. "पण आता वाचल्याबिगर कुठंच नाय देत."