प्लॉटच्या भावात झोपायची गाडी

जळगावात रिंग रोडच्या पलीकडे प्लॉट पडत होते तेव्हाची गोष्ट. शहाणी माणसं प्लॉट घेत होती. आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, त्याच पैशात गाडी घेतली. तीही जुनी, परदेशी, आत झोपायची सोय असलेली. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि दारात आता चाकांवरची तिसरी खोली उभी होती. घरमालकाला ते फार आवडलं असं म्हणता येणार नाही.

नाना शाळेत भूगोल शिकवायचे. भारताचा नकाशा फळ्यावर डोळे मिटून काढत, पण स्वतः बऱ्हाणपूरच्या पुढे गेलेले नव्हते. धुळ्याजवळ आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात ही गाडी त्यांना दिसली. कुणी गोरं जोडपं ती बंद पडली म्हणून तिथेच टाकून विमानाने मायदेशी गेलं होतं. ज्यांची होती तेच सोडून गेले, यावरून काय ते कळायला हवं होतं. मिस्त्रीने मात्र असा माल आता निघत नाही म्हणून सांगितलं आणि गाडीचं म्हातारपण हाच तिचा मोठेपणा ठरवला. आत दोन बाकं होती, उघडली की पलंग व्हायचा. एक छोटी शेगडी, फुलाफुलांचे पडदे. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे समोरून ट्रक येतोय का हे बघून सांगायचं काम उजवीकडे बसलेल्या आईकडे आलं. कामं तिला शोधत यायची, हे एक जास्तीचं.

सगळ्यांना वाटलं, आई आकांडतांडव करेल. प्लॉटची हौस तिलाच होती. पण तिने गाडी आतून पाहिली, बाकावर जरा टेकली आणि मला म्हणाली, "लग्नानंतर मी जिथे जिथे गेले तिथे स्वयंपाकच केला. एकदा तरी कुणाच्या चुलीपाशी न बसता कुठेतरी राहायचंय गं." प्लॉटवर पाणी सोडायला तिला एवढं कारण पुरलं. मला फार वाईट वाटलं, आणि नानांचा आणखीच राग आला, कारण ही गाडी तिला ते देईल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

अडचण अशी की खानदेशात नातेवाईक नसलेला रस्ता नाही. त्या गोऱ्या जोडप्याचा साक्रीत मावसभाऊ नव्हता, आईचा होता. आम्हाला साक्रीच्या पुढे डोंगरात मुक्काम करायचा होता. बाजाराच्या दिवशी गावातून असली गाडी गुपचूप नेता येईल, असं फक्त भूगोलाच्या शिक्षकालाच वाटू शकतं. मामाने भर बाजारात आडवं येऊन गाडी थांबवली. आम्ही गाडीतच झोपणार, हे ऐकून त्याचा चेहरा पडला.

"आम्हनं घर शे ना आठे," तो म्हणाला. "गाडीमा कसाले जपतस? लोकं काय म्हनतीन?"

घर असताना पाहुण्यांनी गाडीत झोपायचं, ही त्याला बेअब्रू वाटत होती. थोड्या वेळात आई त्याच्या घरी भाकरी थापत होती आणि त्याची पोरं आमच्या पलंगावर उड्या मारत होती.

बोदवडला आमचं कुणीच नाही म्हणून पुढच्या वेळी मुद्दाम तिकडे गेलो. तिथे नानांचा जुना विद्यार्थी निघाला. सर आपल्या गावात रस्त्यावर झोपले हे कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणाला. त्याच्या घरी वरण-बट्टीचा बेत होता, बट्ट्या वळायला हात कमी पडत होते, ते आईने पुरवले. असोद्याला भरिताच्या पार्टीला तर गाडीत माणसांऐवजी वांगी बसली. लोक विचारत, एवढ्या पैशात मिळालं काय? नाना म्हणत, जुन्या वस्तूची किंमत वाढत जाते.  आईने पडदे मात्र धुऊन, इस्त्री करून पुन्हा लावले होते.

मग लोक गाडी बघायला घरी येऊ लागले. एका रविवारी मामाकडची मंडळी आली, ती बघून जाण्यासाठी आलेली नव्हती. पोहे झाले, चहा झाला, जेवणं झाली. दुपारी पुन्हा चहाची फर्माईश आली तेव्हा आई स्वयंपाकघरात नव्हती. नाना शोधत अंगणात गेले, मी त्यांच्या मागे. गाडीचे पडदे ओढलेले होते. नानांनी दार ओढून पाहिलं, आतून बंद.

"अगं, चहा टाकायचाय," नाना हळूच म्हणाले.

"तुम्ही टाका," आतून आवाज आला. "मी गावाला गेलेय."

नाना दारापाशी उभेच राहिले. आता हे चिडणार, दार वाजवणार, असं मला वाटलं. ते वळले, आत गेले, आणि चहापत्तीचा डबा कोणता, हे मला विचारलं. चहा पार उकळून काळा झाला. तो त्यांनी स्वतः सगळ्यांपुढे फिरवला. मामाने विचारलं, अक्का कुठे शे?

"बाहेरगावी गेलीय," नाना म्हणाले. "संध्याकाळी येईल."

खिडकीतून गाडी समोर दिसत होती आणि पडद्याखाली आईचे पाय. सगळ्यांना ते दिसत होते. काळा चहा सगळ्यांनी संपवला. मला वाटलं, गाडी स्वस्तात पडली.