साडेसहा

फेन्ना हॉइटिंगाला कुठेही काही दुखत नव्हतं, हीच पंचाईत होती. नेदरलंड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या आमच्या गावात ती सायकलवरून टपाल वाटायची. एके सकाळी सायकल कुंपणाला टेकवून ती तशीच उभी राहिली. कोणाचं पत्र कोणाच्या दारात पडतं, याच्याशी तिला काही देणंघेणंच उरलं नाही. डॉक्टरांनी नैराश्य म्हटलं. बहीण त्रीन्का म्हणाली, "अगं, नवरा धड, घर धड, तुला कसलं आलंय नैराश्य?" फेन्नालाही ते पटलं.

उपचार दुहेरी होता. एका मंगळवारी मारलूस या मानसोपचार करणाऱ्या बाईंसमोर बसायचं आणि पुढच्या मंगळवारी घरीच संगणकावर धडा करायचा. मनात आलेला विचार लिहायचा, तो खरा कशावरून ते तपासायचं. रोज पूर्वी आवडायचं असं एक काम करायचं आणि कसं वाटलं याला दहापैकी गुण द्यायचे. संगणक त्याचा आलेख काढायचा.

फेन्ना सगळं इमानेइतबारे करायची. बांधावर फिरून यायची, वाटाण्याचं घट्ट सूप शिजवायची. मग साडेसहा लिहायची, फार झालं तर सात. आमच्याकडे हे शाळेपासून अंगात मुरलेलं असतं. सहाच्या खाली म्हणजे नापास, घराण्याची शोभा. आठच्या वर गेलात तर शिंगं फुटली म्हणतात. साडेसहावर कोणी काही विचारत नाही. ती खोटं बोलत नव्हती हो. काम नीट झालं, त्याचे गुण ती देत होती. वाटण्याचे गुण द्यायला आधी काही वाटायला तर हवं!

या सगळ्यात एकच गोष्ट तिला हवी होती, ती म्हणजे मारलूससमोरचा तो तास. तिथेही काही वाटत नसे, पण निदान तिथे ती आहे हे दुसऱ्या कोणाला तरी माहीत असे.

नेमका तोच तास गेला.

"आलेख बघा, किती छान चढलाय!" मारलूस म्हणाली. "आता इथे यायची गरज नाही. उरलेले धडे तुम्ही घरीच कराल, हो ना?"

"करेन की," फेन्ना म्हणाली. "तुमचा वेळ कशाला उगाच." तिने कोट उचलला. एक हात बाहीत गेला. दुसरा घालण्याइतकंही बळ तिच्यात उरलं नाही. ती तशीच खाली बसली.

"काय झालं?"

"ते साडेसहा माझे नाहीत. सूप साडेसहाचं झालं होतं."

मारलूसने आलेखावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "आणि तुम्हाला? किती?"

"काहीच नाही. शून्यसुद्धा नाही."

"मरून जावं असं वाटतं?"

"तेवढंही वाटत नाही हो."

"चुकलं माझं," मारलूस म्हणाली. "आकडा बरा दिसला, मीही पुढे विचारलंच नाही." तिने संगणक दोघींच्या मध्ये ओढला. "कालचं फिरणं. चालण्याचे गुण नकोत. तुमचे द्या."

फेन्नाचं बोट बराच वेळ अधांतरी राहिलं. शेवटी तिने एक हा आकडा लिहिला. पडद्यावर त्या आकड्याभोवती लाल चौकट आली आणि तिचे कान तापले. चारचौघांत नापास झाल्यासारखी तिने मान खाली घातली.

"पुसा ते. मला लाज वाटतेय."

"लाज वाटतेय?" मारलूसने हळूच विचारलं. "किती?"

फेन्ना विचार न करता म्हणाली, "नऊ."

बोलून झाल्यावर तिने चमकून वर पाहिलं. मारलूसने तो आकडा लिहून घेतला आणि म्हणाली, "पुढच्या मंगळवारी इथेच या."