रिक्षावरचे नवरा-बायको

लातुरात एक नवरा-बायको रिक्षाच्या भोंग्यातून बोलत फिरायचे. गंजगोलाईच्या बाजाराला वळसा, मग औसा रोड, मग क्लासवाल्यांच्या गल्ल्या, परत गोलाई.

"अहो, ऐकलं का?"

"काय गं, आता काय राहिलं?"

"पोरीचं लग्न तोंडावर आलं. बस्ता कधी बांधायचा?"

"बांधू की! तू म्हणशील तिथं."

मग हलगी वाजायची आणि साड्यांच्या दुकानाचा पत्ता यायचा.

यातली बायको म्हणजे माझा दोस्त. नवरा म्हणजे त्याचा जोडीदार. दोघं पुरुष, दोघं एका खोलीत राहायचे आणि एकमेकांवर जीव टाकायचे. खोलीवर कोण नवरा, कोण बायको, असला प्रश्न लोक मला विचारतात. त्यांच्यासाठी सांगतो: भांडी भोंग्यातला नवरा घासायचा.

दोस्त निलंग्याकडचा. बारीक आवाजापायी शाळेत बायल्या म्हणून मार खाल्लेला. पुढं त्याच आवाजावर तो ऑर्केस्ट्रात लेडीज व्हॉइस झाला. सिनेमातल्या कुठल्याही नटीचा आवाज काढायचा, पब्लिक वन्स मोअर म्हणून खुर्च्यांवर चढायचं. स्टेजवर शिट्टी, खाली उतरला की शिवी. देणारी तोंडं तीच. जाहिरात रेकॉर्ड करायच्या दिवशी स्टुडिओतली नेहमीची बाई तापानं पडली, म्हणून हा उभा राहिला आणि नवऱ्याच्या जागी त्यानं आपल्याच माणसाला ओढलं. दुकानदार खूश. "कोण हाय ही बाई? एकदम घरंदाज!" खरं कळल्यावरही तो हसलाच. "कला हाय बरं का ही."

कला होती तोवर सगळ्यांना चालत होतं.

मी नांदेडला आमच्या लोकांच्या हक्काची पत्रकं काढतो. कॉलेजच्या गेटवर वाटतो, बरीचशी तिथंच पायाखाली जातात. मी दोघांना म्हणायचो, जाहीर बोला, किती दिवस लपणार? कोर्टानं गुन्हा नाही म्हटलंय. दोस्त हसायचा. "लग्नाला बी न्हाई म्हटलंय की. आन् जाहीर काय सांगतो बाप्पा? आम्ही रोज भोंग्यावर बोलायलोय की. तुझं पत्रक वाचतंय कोण?"

तो निलंगा रस्त्यावर गेला. दिवेलागणीला, उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता, साधी चमकपट्टीसुद्धा नव्हती. आत्महत्या नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्यातला कुणी मेला की लोक मान हलवून तेच धरून चालतात. त्याला जगायचं होतं. कूलर घ्यायचा होता.

गावात मयतीला जोडीदार रूममेट म्हणून उभा राहिला, लांब, चपलांच्या ढिगापाशी. कुणी त्याला पुढं ये म्हटलं नाही. राख भरतानाही नाही. नंतर भाऊ लातूरला येऊन गादी, कपडे, भिंतीवरचा फोटो घेऊन गेला. दोस्ताचा मोबाइल तर ट्रॉलीखाली गेला होता.

जोडीदाराच्या मोबाइलमध्ये काहीच नव्हतं. आमच्यातल्या किती जोड्यांची ही सवय आहे! सुट्टीला गावी जायचं तर मोबाइल पुसून जायचं. बहीण गेम खेळायला मागते, मामा फोटो बघायला घेतो. त्या दोघांनी तर रोजचाच नेम केलेला. चहा झाला की दिवसभराचे मेसेज, व्हॉइस नोट सगळं पुसायचं. कुणी बंदूक लावली नव्हती. अख्खं गाव मात्र डोक्यात बसलं होतं. त्यांनी एकमेकांना रोज थोडं थोडं पुसलं. तो मेला तेव्हा पुसायला काही उरलंच नव्हतं.

उरली ती रिक्षा.

जोडीदार गोलाईत टपरीवर उभा होता आणि मागून आवाज आला. "अहो, ऐकलं का?" त्याच्या हातातला चहा पायावर सांडला. पाठोपाठ त्याचाच आवाज आला, खुशीतला. "काय गं, आता काय राहिलं?"

तो रिक्षामागं फिरू लागला. मला फोन केला तेव्हा आधी भोंगाच ऐकू आला. मी एसटीनं लातूरला गेलो. भर दुपारी आम्ही गोलाईत उभे राहिलो. रिक्षा आली. लोक लसणाचा भाव करत होते, एक बाई बांगड्या भरत होती. कुणी मान वर केली नाही. मेलेला माणूस पोरीच्या लग्नाची काळजी करत आमच्या अंगावरून गेला. जोडीदार ओठ हलवत होता. स्वतःचे शब्द तो भोंग्याच्या आधी म्हणत होता.

मग दुकानदाराला बातमी लागली. लग्नाचा बस्ता आणि मेलेल्याचा आवाज! कुणी गिऱ्हाइकानं ऐकलं तर? अपशकून. त्यानं जाहिरात बंद करायला सांगितली. स्टुडिओवाल्याकडची जुनी फाइल कधीच उडाली होती. आवाज आता फक्त रिक्षाच्या पेनड्राइव्हवर होता आणि पेनड्राइव्ह दुकानदाराचा.

आम्ही दोघं दुकानात गेलो. मी भांडायच्या तयारीत. दुकानदारानं मात्र गादीवर बसवलं, पाणी दिलं. "लई वाईट झालं. गुणी पोरगं. पण धंदा शुभकार्याचा हाय, समजून घ्या."

"पेनड्राइव्ह मला द्या," जोडीदार म्हणाला.

"देतो की. त्याला काय! फक्त नवीन जाहिरातीत तू बोल. तुझा आवाज लोकांच्या कानात बसलाय." आणि साडीची घडी घालत, अगदी सहज, तो म्हणाला, "नवरा तोच ठेवू. बायको बदलू."

मी उठलो. जोडीदारानं माझी बाही धरून खाली बसवलं. "बोलतो," तो म्हणाला.

स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली कोंदट खोली. उदगीरहून आलेली बाई कामाला पक्की होती, तिची काय चूक? ती म्हणाली, "अहो, ऐकलं का?" हा माइककडंच बघत राहिला.

"भाऊ, तुमचं वाक्य."

तिनं परत म्हटलं. यानं हातातला कागद उलटा केला. काचेमागून स्टुडिओवाला ओरडला, "अरे नवरदेवा, लाजतोस काय!" सगळे हसले. शेवटी तो जमिनीकडं बघत बोलला. "तू म्हणशील तिथं" हे त्यानं असं म्हटलं, जसं आमची कितीतरी पोरं बोहल्यावर उभी राहतात. घरचे बघतात, तारीख काढतात, पोरगी बिचारी अंधारात, आणि पोरगा मान खाली घालून हो म्हणतो. जोडीदाराचे आई-बाप वर्षभर स्थळं आणत होते, त्यांना त्यानं दाद दिली नाही. एका पेनड्राइव्हसाठी मात्र उभा राहिला.

पेनड्राइव्ह मिळाला. खोलीवर आल्यावर मी म्हटलं, "आपल्या मोर्चात लावू. नांदेडला, भोंग्यावर. ज्यांना संस्कृती बुडायची भीती वाटते त्यांना ऐकवू, तुम्ही रोज कोणाचा संसार ऐकत होता ते."

"न्हाई."

"अरे, गावभर वाजलंच की!"

"तवा जाहिरात होती. आता घरातलं बोलणं हाय."

माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार होता. तो तिथंच राहिला. मला राग आला, अजून येतो, पण त्याच्यावर नाही.

त्यानं पेनड्राइव्ह छोट्या स्पीकरला लावला.

"अहो, ऐकलं का?"

त्यानं बटण दाबून धरून आवाज बंद केला. स्पीकरमधल्या स्वतःला बोलूच दिलं नाही. "काय गं, आता काय राहिलं?" तो स्वतः म्हणाला आणि बोट सोडलं. बस्त्याचा प्रश्न बरोबर वेळेवर आला. परत बटण. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात रस्त्यावरून नवीन जाहिरातीची रिक्षा आली. खिडकीतून त्याचाच आवाज आत शिरला, दुसऱ्याच बाईला म्हणत होता, "बांधू की! तू म्हणशील तिथं."

तो उठला, खिडकी लावली, कडी घातली. मग खाली बसून पहिल्यापासून लावलं.