पाण्याची पाळी शेपटाकडून

तापलेल्या काळ्या रानात कालव्याचं पाणी शिरलं की एक वास उठतो, कच्च्या मडक्यासारखा, जरासा हिरवट. आज बांधावर उभी राहून तो छातीभर घेतला आणि जुना राग ताजा झाला. आमचं रान कालव्यातून निघालेल्या चारीच्या अगदी शेपटाला. कालवा सुटायचा, पण चारीच्या तोंडाशी एका बड्या शेतकऱ्याचा ऊस. तो मातीची पोती टाकून पाणी अडवायचा, आणि आमची ज्वारी उभ्या जागी करपायची. मग दिवाळी सरली की आई-बाबा कोयते बांधून परमुलखात ऊस तोडायला निघायचे. एकदा बाबा पाणी मागायला गेले, मी सोबत होते. तो खाटेवरून उठलासुद्धा नाही. "शेपटाला ऱ्हातोस ना? मग हलव की शेपूट!" भोवतालचे हसले. बाबाही हसले. ते हसू मी अजून कुणालाच माफ केलेलं नाही.

घरातली पहिली पदवी माझी. परभणीला शेतकी शिकताना स्पेनच्या शेतीवरचं एक पुस्तक हाती लागलं. कोरडा, डोंगराळ मुलूख. रोमनांनी तिथं ऑलिव्ह आणि द्राक्षं पसरवली, अरबांनी पाट काढून पाळ्या बांधून दिल्या. पूर्वेकडच्या एका शहरात अजूनही दर गुरुवारी शेतकरीच पंच होऊन चर्चच्या दारात बसतात. पाणीचोराचा निकाल तोंडी, तिथंच, सगळ्यांदेखत. ते पान वाचताना डोळ्यांपुढे ती खाट आली.

गावी परतून दोन वर्षं घरोघर फिरले. मधल्या रानवाल्यांनाही त्या ऊसवाल्याचा जाच होताच, तेही आले. मारुतीच्या पारावर ठरलं: पाळी शेपटाकडून, आणि जो पोती टाकील त्याची एक पाळी बुडाली. पहिल्याच हंगामात त्यानं पोती टाकली, आणि त्याची पाळी बुडाली. भर पारावर उभा राहून म्हणाला, "पोरी, ऊस वाळायलाय माझा. एवढ्या बारीला सोड."

"न्हाई काका. पुढल्या बारीला बघू."

खोटं कशाला बोलू, लय गोड वाटलं.

त्या पुस्तकाला पुढची पानंही आहेत. स्पेनच्या दक्षिणेला आता नजर पोचेल तिथवर प्लास्टिकखालची भाजी, आणि तिच्यापायी उपसून उपसून खोल गेलेलं, खारट झालेलं पाणी. शतकं उलटतात, पिकं पालटतात, माणसाची हाव मात्र जागची हलत नाही. उद्या आम्ही मातलो तर आम्हालाही पारावर उभं राहावं लागेल. लागू दे. यंदा पाणी आधी आमच्या रानात आलं, आणि दिवाळीनंतर आई-बाबा घरीच राहिले.