अक्कानं थांबवलेलं विमान

माझ्या अक्कानं एका पान्यासाठी विमान थांबवलं होतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. काविळीचं निमित्त झालं, आठ दिवसांत संपली.

अक्का म्हणजे माझी चुलत बहीण, राहुरीची.
दहावीनंतर ट्रॅक्टरच्या गॅरेजात लागली. मग नगरला एमआयडीसीत. मग पुण्याला विमानाच्या आतली साफसफाई. सीटखालचे कागद उचलता उचलता बारावी केली. मग विमानदुरुस्तीचा कोर्स.
चौतिसाव्या वर्षी हैदराबादला हँगरमध्ये टेक्निशियन!

चुलती म्हणायची, "एक काम धड धरीत न्हाई. दोघं भावंडं सारखीच."

दुसरा मी. नववी नापास, सात नोकऱ्या सोडलेला.

अक्का म्हणायची, "सम्या, तू भांडून पळतो. मी शिकून निघते. लई फरक हाय."

आता पान्याचं सांगतो.

हँगरमध्ये शिफ्ट संपली की हत्यारं मोजतात. ट्रेमध्ये प्रत्येक हत्याराची खाच असते. त्या दिवशी एक खाच रिकामी. पाना अक्कानं घेतलेला.
तो विमानात राहिला असेल तर विमान सोडता येत नाही.

सोबतचा म्हणाला, "माझा स्वतःचा पाना ठेव तिथं. उद्या बघू."

नोकरी अजून पक्की नव्हती. तरी तिनं जाऊन सांगितलं. पाच तास विमान उघडून शोधलं.

पाना निघाला तिच्याच लॉकरमध्ये, काढून टांगलेल्या डगल्याच्या खिशात. गॅरेजातली सवय.

सगळे हसले. "ट्रॅक्टरवाली" नाव पडलं. सहा महिने स्टोअरला बसवलं.

मी फोनवर म्हणालो, "गप बसली असती तर?"
"खिशात हाय हे मला तवा कुठं ठाऊक हुतं, येड्या?"

मी आता मस्कतला विमानात सामान चढवायच्या बेल्टची गाडी चालवतो. फॉर्म अक्कानंच भरायला लावला होता.

परवा माझी गाडी विमानाला घासली. बोटभर ओरखडा. कुणी बघितलं नव्हतं.
पहिला विचार नेहमीचाच. बॅग भरावी.
पण ओरखडा किती आत गेलाय, ते मला कुठं ठाऊक होतं?

सुपरवायझरला सांगितलं. विमान थांबलं. लई शिव्या खाल्ल्या.
दोन दिवस खोलीवर बसून आहे. उद्या ऑफिसात बोलावलंय. नोकरी राहील का, माहीत नाही.
जाणार आहे.

अक्का, तू गेलीस तेव्हा मला येता आलं नाही. शेवटचा जय भीम राहिला होता.
आज घे.