किल्ली साहेबांच्या खिशात

"ए बाई, ऊठ. हे सैनिक भवन हाय, हागणदारी न्हाई."

मी भवनाच्या मागच्या भिंतीच्या आडोशाला बसले होते. वरून, गच्चीवरून वॉचमन ओरडला. बाजाराला निघालेली दोन माणसं थांबून बघायला लागली. मी तशीच उठले. अर्धवट. पायावरून ओघळ आला, चप्पल भिजली. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला माझ्या नवऱ्याचा फोटो टांगलेला आहे. हार घातलेला. खाली लिहिलंय, शहीद.

वॉचमनला ते माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. ओल्या चपलेनं काय सांगणार?

नोव्हेंबर होता. दर नोव्हेंबरात आम्हा पेन्शनवाल्या विधवांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आम्ही जिवंत आहोत एवढं दाखवायला गावोगावच्या बायका एसटीनं तालुक्याला येतात. फॉर्म भवनात भरून घेतात. रांग लांब, साहेबांचा पत्ता नाही. सकाळपासून कुणी पाण्याचा घोट घेत नाही. हे कुणी शिकवलं नाही, एकमेकींचं बघून कळलं. पोखर्णीकडची एक म्हातारी तर आदल्या दिवशी दुपारपासूनच पाणी बंद करते.

भवनात संडास आहे. ऑफिसच्या आत, कुलपात. त्या दिवशी मी कारकुनाला किल्ली मागितली होती. त्यानं मान वर न करता सांगितलं की किल्ली सुभेदार साहेबांच्या खिशात असते आणि साहेब जेवायला गेलेत. हे सुभेदार साहेब म्हणजे आमच्या माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष.

पुढं मला लघवीचा त्रास सुरू झाला. परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरपूर पाणी पीत जा. मला हसू आलं. रागाचं हसू.

पंधरा ऑगस्टला मात्र मी वीरपत्नी असते. स्टेजवर खुर्ची, खांद्यावर शाल, हातात नारळ. भाषणात माझं नाव घेताना सुभेदार साहेबांचा आवाज भरून येतो. स्टेजवरून उतरलं की बाकीच्या विधवा त्यांच्या वहिनी होतात आणि मी बाई. मी बौद्ध. बाई म्हटलं की माझं घर गावाच्या कुठल्या टोकाला आहे ते सगळ्यांना कळतं. किती वर्षं मी हे ऐकून घेतलं. शालीची घडी घालून पेटीत ठेवत राहिले. त्याची आज मला लाज वाटते.

यंदा उन्हाळ्यात नुकताच रिटायर झालेला एक हवालदार संघटनेत आला. त्यानं बैठकीत विषय काढला. भवनाच्या मागच्या भिंतीला, बाजाराच्या रस्त्याच्या बाजूनं बायकांसाठी संडास बांधायचा. दार बाहेरून ठेवायचं, म्हणजे बाजाराला येणाऱ्या बायकांचीही सोय होईल. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. बायकांपैकी मी एकटीच.

सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, रस्त्यावरच्या बाया येऊन घाण करतील. कुणाला भवनाच्या पावित्र्याची काळजी. एक जण तर उठून म्हणाला, शहिदांच्या फोटोंच्या भिंतीला लागून संडास शोभतो का? त्यावर टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. म्हणाले, त्या फोटोत माझा माणूस हाय, त्याला चालतंय.

मग सुभेदार साहेब हसले. अगदी गोड हसले.

"बांधू की. पण साफ कोण करणार? बाई, तुमच्या गल्लीतलं कुणी बघा. तुमच्यातल्यांना काय, सवय असती."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. चेष्टेनं नाही. कामाचं माणूस सापडल्यासारखं पाहिलं. तेच मला जास्त लागलं. त्यांच्या लेखी तो अपमानच नव्हता, साधी सोय होती.

माझा नवरा सुट्टीवर आला की फौजेतल्या गोष्टी सांगायचा. आळीपाळीनं करायच्या अंगमेहनतीच्या कामाला तिकडं फटीग म्हणतात. ट्रेनिंगला संडास धुण्याची फटीग सगळ्यांना असायची. पाटलाचा पोरगा आणि मी एकाच बादलीत खराटा बुडवायचो, असं तो सांगायचा. ते सांगताना त्याची छाती फुगायची. तेव्हा मला कळायचं नाही, संडास धुण्यात फुगण्यासारखं काय आहे. त्या बैठकीत कळलं.

मी विचारलं, "साहेब, ट्रेनिंगला संडासाची फटीग तुमी केली का न्हाई?"

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"वर्दीत तुमचे हात बाटले न्हाईत. मग गावात आल्यावर कसे बाटायलेत? फटीग लावा. पयली पाळी तुमची. सगळ्यांची झाली की मग माझी बी लावा."

हवालदार खाली बघत होता. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला आणि चहा आला. तो पुढच्या बैठकीचा दिवस अजून उगवलेला नाही.

परवा पंधरा ऑगस्टचं आमंत्रण आलं. वीरपत्नींनी वेळेवर हजर राहावं.

मी हजर राहणार आहे. निघताना तांब्याभर पाणी पिणार आहे. शेजारच्या खुर्चीवरच्या बायकांनाही पाजणार आहे. नाव पुकारलं की उठणार, आणि शाल अंगावर पडायच्या आत माईकवरून साहेबांना किल्ली मागणार. मिळाली तर सगळ्या जणींना घेऊन आत जाणार. त्यानंतर ते कुलूप परत लागू देणार नाही.

नाही मिळाली तर शाल खुर्चीवर ठेवणार. आत जाऊन भिंतीवरचा फोटो काढून घरी आणणार. माणूस माझा आहे. खिळा त्यांचा त्यांना राहू दे.